प्रकल्पातील पॅकेजेस आणि डिपेंडन्सी कशा सांभाळाव्यात

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील एका गूळ अडत दुकानासाठी आमच्या राजारामपुरीतील लहानशा चमूने हिशेबपट्टीचे सॉफ्टवेअर तयार केले होते. शेतकऱ्याचे नाव, गाव, रव्यांची संख्या, वजन, दर, त्यातून वजा होणारी हमाली आणि तोलाई असा सगळा तपशील मराठीत छापून देणारी ती पट्टी चार महिने बिनतक्रार निघत होती. ऐन हंगामात सर्व्हर बदलावा लागला, तेव्हा नव्या सर्व्हरवर आम्ही तोच कोड चढवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सौदे झाल्यावर निघालेल्या पहिल्याच पट्टीवर ‘गुऱ्हाळ’ हा शब्द ‘गुऱ्‌हाळ’ असा आणि ‘कोल्हापूर’ हा शब्द ‘कोल्‌हापूर’ असा फुटून छापला गेला. आकडे सगळे बरोबर होते, पण फुटक्या अक्षरांची पट्टी शेतकऱ्याच्या हातात द्यायला दुकानदार तयार नव्हते, आणि त्यांचे म्हणणे अगदी योग्य होते.

आमच्या कोडमध्ये एक ओळही बदललेली नव्हती. पीडीएफ तयार करणाऱ्या पॅकेजची, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या तयार कोडची, आवृत्तीही तीच होती, कारण ती आम्ही नेमकी लिहून ठेवली होती. बदलली होती ती त्या पॅकेजच्या पोटातली, फाँटमधून जोडाक्षरे जुळवून देणारी एक लायब्ररी, जिचे नाव त्या दिवसापर्यंत आमच्यापैकी कोणी ऐकलेही नव्हते. कोणत्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती आली हे नोंदवणारी लॉक फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास जपणाऱ्या साठ्यात, नव्हती. ती मोठी आणि गिचमिड दिसते म्हणून दुर्लक्षित फाइलींच्या यादीत मीच टाकली होती. जुन्या सर्व्हरच्या डिस्कवरून मूळ आवृत्ती शोधून काढेपर्यंत दुपार झाली आणि तोवर दुकानातल्या दिवाणजींनी पट्ट्या हाताने लिहिल्या. पुढे जी पद्धत सांगितली आहे ती त्या दिवसापासून आम्ही पाळत आलो आहोत, आणि शिवाजी विद्यापीठातून किंवा आसपासच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पहिल्या नोकरीवर येणाऱ्या मुलामुलींना पहिल्या आठवड्यात आम्ही तीच शिकवतो.

मागणी वेगळी, पोच वेगळी

प्रत्येक पॅकेज मॅनेजरजवळ, म्हणजे पॅकेजेस आणून बसवणाऱ्या साधनाजवळ, दोन प्रकारच्या नोंदी असतात, आणि त्यांतील फरक मनात पक्का बसल्याखेरीज पुढचे काही नीट होत नाही. पहिली नोंद म्हणजे मागणी: आपल्याला कोणते पॅकेज हवे आहे आणि त्याच्या कोणत्या टप्प्यातली आवृत्ती चालेल. नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या) प्रकल्पात ही नोंद ‘पॅकेज डॉट जेसन’ या फाइलमध्ये असते, पीएचपीत ‘कंपोजर डॉट जेसन’मध्ये, रस्टमध्ये ‘कार्गो डॉट टॉमल’मध्ये आणि पायथनच्या नव्या प्रकल्पांत ‘पायप्रोजेक्ट डॉट टॉमल’मध्ये. दुसरी नोंद म्हणजे पोच: प्रत्यक्षात कोणती आवृत्ती आली, तिच्याबरोबर आणखी काय काय आले आणि आलेल्या प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदललेली नाही हे ताडण्याचा आकडा) काय आहे. हीच लॉक फाइल. एनपीएम या नोडच्या पॅकेज मॅनेजरमध्ये ती २०१७ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून आपोआप तयार होऊ लागली. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या यार्न या नोडच्याच दुसऱ्या मॅनेजरने ती सुरुवातीपासूनच ठेवली होती.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला लॉक फाइलचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तिथे कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक, असतो, आणि तक्रार आली की त्या नंबरावरून तो माल कोणत्या हीटचा, त्या वेळी धातूतील कार्बन आणि सिलिकॉनचे प्रमाण किती होते, हे नोंदवहीत शोधता येते. हीट नंबर नसलेला माल दिसायला हुबेहूब तसाच असतो, पण त्याची हमी कोणालाच देता येत नाही. लॉक फाइल नसलेल्या प्रकल्पाचे नेमके तसेच असते.

म्हणून लॉक फाइल गिटमध्ये अवश्य ठेवावी. उतरवलेल्या पॅकेजेसचे फोल्डर, म्हणजे नोडचे ‘नोड मॉड्यूल्स’, पीएचपीचे ‘व्हेंडर’ किंवा पायथनचे आभासी एन्व्हायर्नमेंट, हे मात्र गिटमध्ये ठेवू नये, कारण ते लॉक फाइलवरून केव्हाही पुन्हा उभे करता येते आणि त्यातील काही भाग त्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बांधलेला असतो.

सर्व्हरवर आणि तपासणीच्या स्वयंचलित यंत्रणेत ‘एनपीएम इन्स्टॉल’ न चालवता ‘एनपीएम सीआय’ चालवावे. पहिली आज्ञा मागणी आणि लॉक फाइल यांत मेळ नसेल तर लॉक फाइल बदलून मोकळी होते; दुसरी आज्ञा आधीचे पॅकेजेसचे फोल्डर पूर्ण काढून टाकते, लॉक फाइलमध्ये जे आहे तेवढेच आणते, आणि मेळ बसत नसेल तर त्रुटी दाखवून थांबते. ते थांबणे त्या क्षणी गैरसोयीचे वाटले, तरी दुकानात सौदे चालू असताना कळण्यापेक्षा आपल्या टेबलावर कळलेले केव्हाही चांगले. पीएचपीमध्ये हाच फरक ‘कंपोजर इन्स्टॉल’ आणि ‘कंपोजर अपडेट’ यांत आहे. होस्टिंगवर काहीतरी चालत नाही म्हणून तिथेच ‘अपडेट’ चालवण्याची सवय मी अनेक ठिकाणी पाहिली आहे; ती पूर्णपणे सोडली पाहिजे. अपडेट नेहमी विकासकाच्या संगणकावर करावे, तपासावे, आणि बदललेली लॉक फाइल कमिट करून (गिटमध्ये नोंदवून) मगच सर्व्हरवर इन्स्टॉल करावे.

दोघांनी गिटच्या वेगवेगळ्या शाखांत पॅकेजेस घेतली की त्या शाखा मर्ज (एकत्र) करताना लॉक फाइलमध्ये तंटा होतोच. त्या वेळी हजारो ओळींच्या फाइलमध्ये हाताने ओळी जुळवत बसू नये. आधी मागणीच्या फाइलमधील तंटा नीट वाचून सोडवावा, मग ‘एनपीएम इन्स्टॉल’ चालवावे. लॉक फाइलमधला तंटा एनपीएम स्वतः सोडवून देतो. त्यानंतर डिफ, म्हणजे बदललेल्या ओळी, पाहून अपेक्षेपेक्षा जास्त काही हलले आहे का, याची खात्री करावी. पूर्ण लॉक फाइल पुसून नवी तयार करणे हा उपाय जवळचा वाटतो, पण त्यात आपण एका पॅकेजसाठी शेकडो पॅकेजेसच्या आवृत्त्या एकाच वेळी बदलून टाकतो.

आवृत्तीच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवावा

बहुतेक पॅकेजेस सिमँटिक व्हर्जनिंग पाळतात, म्हणजे ‘४.२.१’ या आकड्यात पहिला आकडा बदलला तर जुना कोड मोडू शकतो, मधला बदलला तर नवी सोय आलेली असते पण जुने चालत राहते, आणि शेवटचा बदलला तर केवळ दुरुस्ती झालेली असते. एनपीएममध्ये ‘^४.२.१’ असे लिहिले तर ४.२.१ पासून ५.०.० च्या आधीपर्यंतची कोणतीही आवृत्ती चालते, ‘~४.२.१’ असे लिहिले तर ४.३.० च्या आधीपर्यंतचीच चालते. पहिला आकडा शून्य असेल तर नियम आवळला जातो: ‘^०.२.३’ म्हणजे ०.३.० च्या आधीपर्यंतचे, कारण शून्याने सुरू होणाऱ्या पॅकेजच्या कर्त्याने स्थिरतेचा शब्द अजून दिलेलाच नसतो. अशा पॅकेजवर धंद्याचा मुख्य भाग उभा करताना दोनदा विचार करावा.

हे आकडे म्हणजे कर्त्याचा शब्द आहे, यंत्राने तपासलेली हमी नव्हे. आमची पट्टी ज्या बदलाने फुटली तो शेवटच्या आकड्यातला बदल होता. कर्त्याने त्याच्या दृष्टीने एक चूक दुरुस्त केली होती आणि त्या दुरुस्तीचा परिणाम ‘ऱ्ह’, ‘ल्ह’ अशा जोडाक्षरांवर होईल हे त्याच्या ध्यानी येणे कठीण होते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. आपण मागणीच्या फाइलमध्ये थेट पॅकेजची आवृत्ती कितीही नेमकी लिहिली, तरी त्या पॅकेजने स्वतःच्या डिपेंडन्सीसाठी, म्हणजे ते ज्यांवर अवलंबून आहे त्या पॅकेजेससाठी, सैल टप्पा लिहिलेला असेल, तर खालच्या थरातले पॅकेज बदलायला मोकळेच राहते. वरचा थर नेमका लिहून खालचा थर स्थिर होत नाही. एकमेकांवर अवलंबून असलेल्या पॅकेजेसचे हे संपूर्ण झाड स्थिर करणारी गोष्ट एकच, ती म्हणजे लॉक फाइल.

झाडात काय आहे ते पाहण्याची सवय लावून घ्यावी. ‘एनपीएम एलएस’ला ‘ऑल’चा पर्याय जोडला की पूर्ण झाड दिसते, ‘एनपीएम एक्स्प्लेन’ आणि पुढे पॅकेजचे नाव दिले की ते कोणाच्या मागून आले ते कळते. मेव्हनमध्ये त्यासाठी ‘डिपेंडन्सी ट्री’, पायथनमध्ये ‘पिपडेपट्री’ आणि कार्गोमध्ये ‘ट्री’ आहे. नव्या मुलांना पहिल्या दिवशी आम्ही हेच करायला लावतो आणि झाडातील कोणतेही एक अनोळखी नाव निवडून ते इथे का आले हे शोधून सांगायला सांगतो.

लायब्ररी लिहून ती इतरांसाठी प्रसिद्ध करणाऱ्यांचे थोडे वेगळे आहे. आपल्या लायब्ररीची लॉक फाइल ती वापरणाऱ्याच्या प्रकल्पात लागू होत नाही, म्हणून लायब्ररीच्या मागणीत टप्पा रास्त सैल ठेवावा आणि त्या टप्प्याच्या खालच्या व वरच्या दोन्ही टोकांशी चाचण्या चालवाव्यात.

पायथन, जावा आणि गो

पायथनमध्ये सर्वांत जास्त गोंधळ एकाच कारणाने होतो: सगळ्या प्रकल्पांची पॅकेजेस एकाच ठिकाणी घातली जातात. आभासी एन्व्हायर्नमेंटची सोय पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, भाषेबरोबरच येते. तेव्हा प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट असलेच पाहिजे. पिप या पायथनच्या पॅकेज मॅनेजरने ‘पिप फ्रीझ’ करून जी यादी मिळते तिच्यात आपण स्वतः मागितलेली आणि मागून आलेली पॅकेजेस एकाच रांगेत बसतात, आणि वर्षभराने त्यांतील कोणते काढले तरी चालेल हे कोणालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा ‘पिप-टूल्स’ने मागणीची छोटी फाइल वेगळी ठेवून तिच्यावरून पूर्ण यादी काढावी, त्या यादीत प्रत्येक ओळीखाली हे पॅकेज कोणामुळे आले तेही लिहिलेले असते, आणि हवे तर प्रत्येकाचा हॅशही घालता येतो. पोएट्री किंवा यूव्ही ही नवी साधने वापरणाऱ्यांना लॉक फाइल आयतीच मिळते. आम्ही नवे प्रकल्प यूव्हीवर सुरू करतो, कारण ते वेगवान आहे आणि पायथनची आवृत्तीही तेच सांभाळते.

जावामध्ये मेव्हनला अशी लॉक फाइल मुळात नाही. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या झाडात आल्या तर मेव्हन मुळापासून सर्वांत जवळची निवडतो, मग ती जुनी असली तरीही. ग्रेडल साधारणपणे त्यांतील वरची निवडतो. हा फरक माहीत नसल्याने एका साधनाकडून दुसऱ्याकडे जाताना प्रकल्प मोडतात. मेव्हनमध्ये मूळ ‘पॉम’ फाइलच्या ‘डिपेंडन्सी मॅनेजमेंट’ भागात आवृत्त्या एकदाच लिहाव्यात आणि चालू सर्व्हरवर ‘स्नॅपशॉट’, म्हणजे अजून बदलत असलेली, आवृत्ती कधीही नेऊ नये. गो भाषेची रीत मला सर्वांत समजूतदार वाटते: सर्वांनी मागितलेल्या किमान आवृत्त्यांपैकी जी वरची तीच तो घेतो, त्याहून नवी स्वतःहून आणत नाही, आणि चेकसम ‘गो डॉट सम’ फाइलमध्ये ठेवतो.

भाषेची आवृत्ती हीसुद्धा डिपेंडन्सीच आहे. नोड, पायथन किंवा पीएचपीची कोणती आवृत्ती लागते ते प्रकल्पातच लिहून ठेवावे, आणि डॉकर (प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सामग्रीसह एका प्रतिमेत बांधणारे साधन) वापरत असाल तर मूळ प्रतिमेला ‘लेटेस्ट’ हा शब्द लावू नये. मराठी छपाई करणाऱ्यांनी फाँटही प्रकल्पाबरोबरच ठेवावा. सर्व्हरवर जो सापडेल तो फाँट चालेल असे धरून चालू नये.

नवे पॅकेज घेण्यापूर्वी

२२ मार्च २०१६ रोजी ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे एक पॅकेज एनपीएमवरून गायब झाले. नावावरून झालेल्या वादानंतर त्याच्या कर्त्याने आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली होती. मजकुराच्या डाव्या बाजूला जागा किंवा शून्ये भरणारा तो अवघा ११ ओळींचा कोड होता, पण बेबलसारखी साधने मागच्या थरांतून त्यावर अवलंबून असल्याने जगभरचे प्रकल्प काही तास बांधता येईनात. एनपीएमने ते पॅकेज परत आणले, आणि पुढे प्रसिद्धीनंतर ७२ तास उलटले की पॅकेज काढून घेण्यावर कडक अटी घातल्या. या प्रसंगातून आपण घ्यायची गोष्ट अशी की जे काम दहा-पंधरा ओळींत स्वतः लिहिता येते, त्यासाठी पॅकेज घेऊ नये. याउलट सांकेतिकीकरण (एन्क्रिप्शन), पासवर्ड साठवणे, तारखा आणि कालविभाग (टाइम झोन) यांसारख्या कामांत स्वतः लिहिण्याचा मोह टाळावा. तिथे अनेकांनी तपासलेले पॅकेजच घ्यावे.

पॅकेज निवडताना डाउनलोडचा आकडा पाहून भागत नाही. शेवटचे प्रकाशन केव्हाचे आहे, तक्रारींना कोणी उत्तर देते का, देखभाल एकाच माणसावर आहे की अनेकांवर, ते आपल्याबरोबर आणखी किती पॅकेजेस आणते आणि उद्या ते काढावे लागले तर आपल्या कोडमध्ये किती ठिकाणी हात घालावा लागेल, हे सगळे पाहावे. शेवटच्या प्रश्नासाठी आम्ही एक नियम केला आहे: बाहेरचे पॅकेज थेट सगळीकडे न बोलावता आपल्याच एका फाइलमधून बोलवायचे. पट्टीचे पीडीएफ करणारे पॅकेज आज आमच्याकडे एकाच फाइलमध्ये दिसते, त्यामुळे पुढे ते बदलायचे ठरले तर एका दिवसाचे काम आहे.

परवाना वाचणे हेही याच वेळचे काम. एमआयटी आणि अपाची २.० परवान्यांच्या अटी हलक्या आहेत. जीपीएलचा कोड आपल्या सॉफ्टवेअरमध्ये मिसळून ते ग्राहकाच्या हाती दिले तर आपला मूळ कोडही त्याच परवान्याखाली द्यावा लागू शकतो, आणि एजीपीएलमध्ये नेटवर्कवरून सेवा देणेही त्या अटीत येते.

नाव अक्षर न् अक्षर तपासावे. प्रसिद्ध नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे करून घातक पॅकेज ठेवण्याची युक्ती जुनी आहे. अलीकडे कोड सुचवणारी एआय साधने कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचे नाव आत्मविश्वासाने सांगतात, आणि ते नाव कोणी दुष्ट हेतूने नोंदवून ठेवले तर आपणच त्याला घरात घेतो. म्हणून सुचवलेले नाव आधी रजिस्ट्रीवर, म्हणजे जिथून पॅकेजेस उतरतात त्या साठ्यावर, उघडून पाहावे, कर्ता आणि इतिहास वाचावा, मगच इन्स्टॉल करावे. संस्थेची स्वतःची खाजगी पॅकेजेस असतील तर त्यांना संस्थेच्या नावाचा स्कोप (पॅकेजच्या नावाआधीचा उपसर्ग) लावावा. २०२१ मध्ये ॲलेक्स बिरसन या संशोधकाने दाखवून दिले की खाजगी पॅकेजच्याच नावाचे सार्वजनिक पॅकेज ठेवले तर कित्येक मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणा बाहेरचेच उचलतात.

दोन पॅकेजेस एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा

एक पॅकेज म्हणते मला अमुक लायब्ररी २.०.० च्या आधीची हवी, दुसरे म्हणते २.०.० किंवा पुढचीच हवी. नोडमध्ये एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या वेगवेगळ्या फोल्डरांत नांदू शकतात, त्यामुळे असा पेच पुष्कळदा जाणवतही नाही. पायथनच्या एका एन्व्हायर्नमेंटमध्ये मात्र एका पॅकेजची एकच आवृत्ती राहू शकते, म्हणून पिप थांबतो आणि कारण छापतो. नोडमध्येही पीअर डिपेंडन्सीच्या बाबतीत दोन आवृत्त्या चालत नाहीत: रिॲक्ट या वेबपाने बांधण्याच्या लायब्ररीसाठीचे एखादे कॅलेंडर घेतले तर त्याला प्रकल्पातलेच रिॲक्ट हवे असते, स्वतःचे वेगळे नव्हे.

अशा वेळी पडद्यावर येणारा संदेश लांबलचक असतो, पण तो शेवटपर्यंत वाचावा. कोणाला काय हवे आहे आणि प्रत्यक्षात काय सापडले हे त्यात लिहिलेले असते. घाईत ‘फोर्स’ किंवा ‘लेगसी पीअर डेप्स’ हे पर्याय लावले की संदेश जातो आणि पेच तिथेच राहतो, तो पुढे चालू प्रोग्रॅममध्ये कधीतरी उगवतो. आधी मागे राहिलेल्या पॅकेजची नवी आवृत्ती आली आहे का ते पाहावे. नसेल तर पुढे गेलेल्या पॅकेजची एक पायरी मागची आवृत्ती घेऊन भागते का ते तपासावे. तेही जमत नसेल आणि मागणी विनाकारण आवळलेली आहे अशी खात्री चाचण्यांनी पटली असेल, तर एनपीएमच्या ‘ओव्हरराइड्स’मध्ये आवृत्ती सक्तीने ठरवावी, मात्र ती का ठरवली आणि केव्हा काढायची याची नोंद त्याच कमिटमध्ये करावी. सहा महिन्यांनी ती ओळ पाहणारा माणूस बहुधा आपण स्वतःच असतो, आणि तोवर कारण विसरलेले असते.

अद्ययावत ठेवणे, पण घाईने नव्हे

लॉक फाइल पक्की केली म्हणून तीच वर्षानुवर्षे धरून बसणे तितकेच वाईट. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीत जी त्रुटी सापडली तिला गंभीरतेच्या मापात १० पैकी १० गुण मिळाले होते, आणि त्या वेळी कित्येक संस्थांचा वेळ दुरुस्तीपेक्षा ती लायब्ररी आपल्याकडे नेमकी कुठे आहे हे शोधण्यात गेला, कारण ती दुसऱ्याच पॅकेजच्या मागून आत आलेली होती. शिवाय पाच वर्षे न हलवलेला प्रकल्प एकदम पुढे नेणे हे नव्याने लिहिण्याइतके कष्टाचे होते.

दुसऱ्या बाजूला, नवी आवृत्ती आली की त्याच तासाला घेणेही धोक्याचे आहे. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या लोकप्रिय पॅकेजची देखभाल मूळ कर्त्याने मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाकडे सोपवली, आणि त्याने जोडलेल्या एका नव्या डिपेंडन्सीतून बिटकॉइनच्या एका वॉलेटला लक्ष्य करणारा कोड आत आला. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा पिच्छा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने पुरवला म्हणून ती वेळीच उघडकीस आली. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘चॉक’ आणि ‘डीबग’ यांसारख्या रोजच्या पॅकेजेसच्या देखभालकर्त्याला फसव्या ईमेलने गाठून घातक आवृत्त्या चढवल्या गेल्या, आणि त्या काही तासांत काढल्या गेल्या. अशा आवृत्त्या बहुधा लवकर पकडल्या जातात, म्हणून थोडे थांबणाऱ्याचे नुकसान टळते.

या दोन्हींचा मेळ आम्ही असा घातला आहे. महिन्यातून एकदा, पहिल्या मंगळवारी, अर्धा दिवस फक्त अद्ययावतीकरणासाठी ठेवलेला असतो. रेनोव्हेट किंवा डिपेंडाबॉट हे स्वयंचलित साधन बदल सुचवून ठेवते, पण प्रसिद्ध होऊन किमान एक आठवडा झालेल्या आवृत्त्याच आम्ही घेतो. पीएनपीएम या नोडच्या आणखी एका मॅनेजरमध्ये असा थांबा सेटिंगमध्येच लिहिता येतो. लहान बदल एकत्र, मोठ्या (म्हणजे पहिल्या) आकड्याचा बदल मात्र एका वेळी एकच आणि स्वतंत्र कमिटमध्ये, म्हणजे काही मोडले तर बोट नेमके कुठे ठेवायचे ते कळते. बदलाची टिपणे वाचल्याखेरीज मोठा आकडा हलवायचा नाही. सुरक्षेची गंभीर दुरुस्ती असेल तर अर्थातच मंगळवारची वाट पाहत नाही.

‘एनपीएम ऑडिट’ किंवा ‘पिप-ऑडिट’ रोज चालवावे, पण त्याची यादी डोळे उघडे ठेवून वाचावी. केवळ विकासकाच्या संगणकावर चालणाऱ्या चाचणीच्या साधनातील त्रुटी आणि शेतकऱ्यांचे बँक खाते साठवणाऱ्या सर्व्हरवरील त्रुटी यांना एकच वजन देता येत नाही. ‘ऑडिट फिक्स’ला ‘फोर्स’ जोडून तर कधीच चालवू नये, कारण तो मोठे आकडेही परस्पर बदलतो. इन्स्टॉल होताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट हा घातक पॅकेजेसचा आवडता मार्ग आहे; शक्य तिथे ‘इग्नोअर स्क्रिप्ट्स’ लावून त्या बंद ठेवाव्यात आणि ज्या मोजक्या पॅकेजेसना त्या खरोखर लागतात त्यांच्यापुरत्याच उघडाव्यात.

वाट बंद झाली तर

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आले आणि कित्येक दिवस कोल्हापूरची वाट बंद राहिली. ज्याच्या घरात साठा होता त्याचे निभावले. पॅकेज रजिस्ट्री हीसुद्धा अशीच एक वाट आहे. ऑफिसातल्या एका साध्या संगणकावर वरदाचिओ बसवले तर एनपीएमवरून एकदा आणलेले पॅकेज तिथे साठून राहते, आणि पुढच्या वेळी नेट मंद असले किंवा मूळ ठिकाणाहून ते काढले गेले तरी आपले काम अडत नाही. पायथनसाठी हेच काम डेव्हपी करते. या साठ्याचा बॅकअप दुसऱ्या जागी, आणि कोल्हापुरात तरी वरच्या मजल्यावर, ठेवावा.

सरकारी कार्यालय, सार्वजनिक उपक्रम किंवा अत्यावश्यक सेवेला सॉफ्टवेअर देणाऱ्यांनी घटकांची यादीही तयार ठेवावी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरियल्सबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. उद्यमनगरातल्या कोणत्याही वर्कशॉपला बिल ऑफ मटेरियल म्हणजे काय हे ठाऊक असते. इथे नट-बोल्टांच्या जागी पॅकेज, आवृत्ती, परवाना आणि चेकसम येतात. ‘एनपीएम एसबॉम’ ही आज्ञा सायक्लोनडीएक्स किंवा एसपीडीएक्स स्वरूपात ती यादी लॉक फाइलवरून काही क्षणांत काढून देते. प्रत्येक प्रकाशनाबरोबर ती जपून ठेवली, की उद्या एखाद्या पॅकेजचे नाव बातमीत आले तर कोणत्या ग्राहकाकडे ते आहे हे पाच मिनिटांत सांगता येते.

उरली चाचणी. आमच्या प्रकल्पात आता एक खोटी पट्टी आहे. तिच्यावर शेतकऱ्याचे नाव ‘ज्ञानदेव’, गाव ‘कऱ्हाड’, पत्ता ‘कोल्हापूर’, तपशिलात ‘गुऱ्हाळ’, ‘दुसऱ्या’, ‘श्री’ आणि ‘क्षेत्र’ असे मुद्दाम निवडलेले शब्द आहेत. कोणतीही डिपेंडन्सी हलली की यंत्र ही पट्टी छापते, त्या पानाचे चित्र करते आणि डोळ्यांनी तपासून जपलेल्या जुन्या चित्राशी ठिपका न् ठिपका ताडून पाहते. फरक निघाला तर बदल पुढे जात नाही. गेल्या वर्षभरात ही चाचणी दोनदा लाल झाली, आणि दोन्ही वेळा ‘ऱ्ह’ हेच अक्षर मोडले होते.